डब्यावरची म्हातारी

भाकरीला कुणी इतिहास विचारत नाही. पोटात आग पडली की ती कुणी थापली, कुणाच्या चुलीवर थापली, याची चौकशी करायला वेळ कुणाला असतो? महागाच्या चॉकलेटचं तसं नसतं. त्याला घराणं लागतं, जुनं साल लागतं, आणि नथ घातलेली एक म्हातारी लागते. आष्टी तालुक्यातल्या एका कोरड्या गावच्या भिवराबाईकडे घराणं नव्हतं, आणि साल कुठलं हे तिला कधी नीट सांगता आलं नाही. म्हातारी मात्र होती. तिची सासू, चंद्रभागाबाई. ती मरून तीसेक वर्षं उलटली होती आणि अजून तिला घरात जागा मिळालेली नव्हती.

जागा म्हणजे देवघरातली जागा. या भागात वडीलधारं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करून आणतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. सोनाराकडचे सगळे टाक सारखेच. बाईचा असेल तर डोक्यावर पदर, पुरुषाचा असेल तर पागोटं, बस्स. चेहऱ्यावरून टाक कुणी ओळखत नाही. मुलाने ज्याचं नाव घेऊन तो देवघरात बसवला, त्याचा तो झाला. मग देवांच्या बरोबरीने त्याला रोज अंघोळ, सणाला नैवेद्य, पितरांच्या पंधरवड्यात पान. आणि टाक झालाच नाही, तर ते माणूस उंबऱ्याबाहेर उभं राहतं, उपाशी. शहाण्यांनी खुशाल हसावं. भिवराबाईला हसू येत नव्हतं, कारण बाहेर उभी होती ती तिची सासू होती.

चंद्रभागाबाई गेली ती उसाच्या फडात. सगळं घर तोडीला गेलेलं. म्हातारी मोळ्या बांधायची. तापाने फणफणली, पाचटाच्या कोपीत पडून राहिली, आणि गाडी भरायच्या वेळेला मेली. पाटाच्या कडेला तिला जाळलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मुकादम म्हणाला, "आता गाडी रिकामी धाडू का?" आणि उत्तरेश्वर, तिचा एकुलता एक मुलगा, भिवराबाईचा नवरा, नाक पुसत कोयता घेऊन सरीत उतरला. म्हातारीचा फोटो नव्हता. उत्तरेश्वरने टाकासाठी दोनदा चांदी घेतली. एकदा ती पोराच्या, शहादेवच्या, काविळीत मोडली. एकदा म्हशीच्या पेंडीत गेली. तिसऱ्यांदा त्याने घेतलीच नाही. "फुडल्या साली करू," म्हणायचा. असं म्हणता म्हणता त्याची पाठ वाकली, कानाने कमी ऐकू यायला लागलं, आणि म्हातारी राहिली ती बाहेरच.

भिवराबाईच्या जिवाला ही गोष्ट लागून राहिली होती. लग्न होऊन आली तेव्हा ती पोरगीच होती, आई बहात्तरच्या दुष्काळात गेलेली. ज्या काळात सुनांना ताटातलं उरलंसुरलं मिळायचं, त्या काळात या सासूने तिला आपल्याआधी जेवायला घातलं. भिवराबाई तिला आत्याबाई म्हणायची; सासूसुनेचं भांडण गावाने कधी ऐकलं नाही. आणि जे काही म्हातारीला येत होतं ते सगळं तिने, तोडीचा हंगाम नसताना परगावच्या भट्ट्यांवर बसून, सुनेच्या हातात दिलं. ते म्हणजे खवा आणि खरवड.

खव्याच्या भट्टीवर बसणाऱ्या बाईला काय मिळतं? दूध म्हशीवाल्याचं, खवा व्यापाऱ्याचा. तिच्या वाट्याला डोळ्यात धूर आणि दंडात कळ. तुराट्यांच्या जाळावर ती रुंद कढई, तिच्यात उलथणं फिरवत राहायचं, हात थांबला की दूध लागलंच. खवा काढून घेतला की कढईच्या बुडाला जो तांबूस थर चिकटून राहतो, ती खरवड. ती बसणारीचा हक्क. तिने ती खायची, दारात आलेल्या पोराबाळांना द्यायची; पण विकायची नाही. खरवड विकली तर म्हशीची कास वाळते, असं जुन्या बाया सांगत. चंद्रभागाबाईने या खरवडीत स्वतःचं काही घातलं होतं. कढई गरम असतानाच ती त्यात गुळाचा खडा सोडायची, गूळ लाल होऊन करपायच्या बेतात आला की चिमूटभर मीठ टाकायची, आणि सगळं खरवडून बोराएवढ्या गोळ्या वळायची. थोडी कडू, थोडी खारट, मागून गोड. पोरं त्यासाठी भट्टीभोवती माश्यांसारखी जमायची.

बहात्तर साली ती ज्या घरच्या भट्टीवर बसायची, ते घर रामकिसन पाटलांचं. तेव्हा ते काही मोठं घर नव्हतं. तीन खोल्या, वर पत्रा. पण दुभत्या म्हशी गावात तेवढ्याच उरल्या होत्या. पाटलांची बायको सरस्वतीबाई. एका दुपारी चंद्रभागाबाई खरवड काढायला बसली होती, तिची आणि शेजारची पोरं ओळीने समोर. सरस्वतीबाई आली, वर उभी राहिली, आणि तिने तांब्याभर पाणी त्या तापल्या कढईत ओतलं. म्हणाली, "म्हशीला पाजा त्ये. भिकाऱ्याची पंगत बसवली का हितं?" पोरांच्या देखत ते तांबडं पाणी म्हशीपुढे गेलं. चंद्रभागाबाई उठली. पुन्हा त्या भट्टीवर बसली नाही. सरकारी कामावर खडी फोडायला गेली, आणि दुष्काळ सरल्यावर कोयता धरला. हे तिने सुनेला आयुष्यात एकदाच सांगितलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "पानी वतलं बग तिनं. बहात्तर साली, पानी."

दुष्काळ सगळ्यांवर येतो, पण काहींच्या अंगणात तो अनुदान घेऊन येतो. बहात्तरनंतर रामकिसन पाटलांनी दूध संघ काढला. म्हशी गावाच्या, सह्या पाटलांच्या. त्यांच्यामागे मुलगा विठ्ठलराव चेअरमन झाले. संघाच्या पाठोपाठ पतसंस्था आली, शाळा आली, पत्र्याच्या तीन खोल्यांवर मजले चढले. माणूस म्हणून विठ्ठलराव वाईट नव्हते, असंच गाव म्हणायचं. मयतीला हजर, लग्नाला हजर, बोलायला गोड. त्यांनीच संघाच्या आवारात बायांची खवा भट्टी सुरू केली. लांब पत्र्याची शेड, खाली भट्ट्यांची रांग. गुडघे गेल्यावर कोयता सोडून भिवराबाई तिथे बसू लागली. शेजारच्या भट्टीवर छबुबाई, जिभेने तिखट, हाताने चटपटीत. दोघींचं बरं जमायचं.

विठ्ठलरावांच्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं होतं, रामकिसन. पुण्यात तो आर. के. झाला. परदेशात जाऊन चॉकलेट शिकून आला. चॉकलेट शिकायला विमानाने जातात हे ऐकून शेडमधल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. एक दिवस तो शेडमध्ये आला, भिवराबाईने पोरांना द्यायच्या रिवाजाने त्याच्याही हातावर दोन गोळ्या ठेवल्या. त्याने एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"मावशी, हे काय आहे?"

"खरवड हाय बाबा. आमच्या आत्याबाईची."

"हे जगात कुठेच मिळत नाही," तो म्हणाला. त्याने दुसरी गोळी रुमालात बांधून पुण्याला नेली.

भिवराबाईला तेव्हा अभिमान वाटला. वाटायचाच.

मग दोन हजार अठराचा दुष्काळ आला. पाऊस तोंड दाखवून गेला, विहिरींनी तळ दाखवला, आणि म्हशी चारा छावणीत जाऊन बांधल्या गेल्या. छावणीही संघाचीच. वाळक्या उसाच्या कांड्यांवर म्हैस दूध किती देणार? खव्याचे व्यापारी यायचे बंद झाले. शेड बंद पडणार अशी बोलवा उठली, तेवढ्यात आर. के. आराखडा घेऊन आला. वरून काळं चॉकलेट, आत खरवड. खव्याला दूध लागतं घागरींनी, खरवडीला थोडक्यात भागतं. चॉकलेट पुण्यात बनणार, भरण इथून जाणार, आणि माल विकला जाणार विमानतळावर, मोठ्या लग्नांत, काचेच्या दुकानांत.

बाया शेडमध्ये जमल्या. छबुबाई म्हणाली, "इका की. काय हुतंय?"

"खरवड इकायची नसती," भिवराबाई म्हणाली.

"म्हशीची कास वाळती म्हणून? आगं, वाळायची ती वाळून गेली. आता काय राह्यलंय?"

कृती भिवराबाईच्या हातात होती, आणि ती हलेना. शेवटी विठ्ठलराव स्वतः आले. खुर्ची नाकारून पेंडीच्या पोत्यावर बसले. असं बसायला त्यांना बरोबर जमायचं.

"भिवरे, कावून आडून बसलीस? धा घरांच्या चुली हायत ह्या भट्टीवर."

भिवराबाई म्हणाली, "आण्णा, एक सांगू? ही खरवड माजी न्हाई. आत्याबाईची हाय. त्या फडात गेल्या. त्यांचा टाक न्हाई झाला. घरात नाव न्हाई त्यांचं. त्यांचं नाव डब्यावर घालत असाल तर देते."

विठ्ठलरावांना हायसं वाटलं असावं. पैसे मागितले असते तर विचार करावा लागला असता. "नाव काय, आख्खी म्हातारी घालू की डब्यावर," ते म्हणाले. "फोटो हाय का?"

"न्हाई."

"काढून घिऊ. माजा शब्द हाय."

दहा बायांच्या समोर शब्द दिला. भिवराबाईने पदर पसरून कढईला नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून खरवड विकली. आपण पाप करतोय हे तिला माहीत होतं. पण ज्या म्हातारीला एका पत्र्यावर जागा मिळाली नाही, तिला हजारो डब्यांवर मिळणार होती. तिने ते पाप त्या सौद्यात घातलं.

पुण्याहून एक पोरगी आली, काचेच्या पाटीवर चित्र काढणारी. भिवराबाईने तिला सगळं सांगितलं. कपाळावर गोंदण, गाल बसलेले, खालचा ओठ एका बाजूला ओढलेला, नाकात काहीच नाही. पोरगी खोडत होती, पुन्हा काढत होती, आणि एका क्षणी पाटीवरून चंद्रभागाबाईने वर बघितलं. भिवराबाईला हुंदका आवरेना. पोरगी गुणी होती, तिचा काही दोष नाही. तिने काढलेलं चित्र पुण्यात एका थंडगार खोलीत पंधरा जणांनी बघितलं, आणि एकाने म्हटलं की या बाईकडे बघून गोड खावंसं वाटत नाही. हे भिवराबाईला फार मागाहून कळलं.

दिवाळीच्या तोंडावर पहिले डबे आले. जांभळा पत्र्याचा डबा, झाकणावर सोनेरी गोल, गोलात उठवलेली म्हातारी. डोक्यावर पदर, नाकात नथ. खाली इंग्रजी अक्षरं. आर. के.ने प्रत्येक बाईला एकेक डबा दिला आणि घाईघाईने मोटारीत बसून गेला. भिवराबाईने झाकण हातात घेतलं. नथ बघून ती क्षणभर थबकली. मग तिला वाटलं, जितेपणी मिळाली नाही ती आता घातली असेल लेकरांनी. चेहरा तसा नव्हता. पण तिने बोट फिरवलं, तर बोटाला लागलं ठोकून उठवलेलं नाक, उठवलेला पदर, गार पत्रा. तिच्या हातात टाक होता! आणि टाकावरचा चेहरा कधी कुणाचा दिसला आहे?

ती जवळजवळ धावत घरी गेली. उत्तरेश्वर दारात बसला होता. त्याच्या कानाशी जाऊन ती ओरडली, "आवं, आत्याबाई आल्या!"

त्याने झाकण उन्हाकडे धरून बघितलं, उलटंपालटं केलं, आणि म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. शहादेवने पत्र्याच्या कात्रीने तो गोल कापून काढला, कडा घासून बोथट केल्या. चांदी नाही म्हणून गुरवाला विचारलं, तर तो म्हणाला, "भाव बगतो देव. चांदी सोनार बगतो." चांगला दिवस धरून उत्तरेश्वरने अंघोळ केली, टाक दुधापाण्याने धुतला, हळद लावली, आणि तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरून उंबऱ्याच्या आत आणला. "आई, ये घरात," म्हणाला. देवघरात बसवला. पुरणाचा नैवेद्य दाखवला. त्या दिवशी भिवराबाई पोटभर जेवली.

पुढचे महिने वाईट गेले. पण तिला ते वाईट वाटले नाहीत. टँकर यायचा, हंड्यांची रांग लागायची, बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. भिवराबाई हंडा घरी आणायची आणि त्यातला पहिला गडू देवघराचा. टाकाला अंघोळ घालताना ती बोलत बसायची. "आत्याबाई, छावणीतली काळी म्हैस आटली बगा. शादेवला पोरगी बगतूय. तुमची खरवड इमानात बसली." आर. के.चं चॉकलेट खपत होतं. लोक ते लग्नाच्या पत्रिकेबरोबर वाटत होते. तळहाताएवढ्या डब्यात मखमली कागद, त्यात सहा नग झोपवलेले, आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. काय लिहिलंय ते शेडमध्ये कुणाला वाचता येत नव्हतं, आणि विचारावं असं वाटलंही नाही. आपली म्हातारी आहे, चांगलंच लिहिलं असणार.

वैशाखात संघाच्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. मुंबईहून पाहुणे, कॅमेरे, मांडव. धूळ उडू नये म्हणून सकाळी एक टँकर आणून मैदानावर पाणी मारलं. शेजारच्या छावणीतली जनावरं त्या वासाने दाव्याला हिसके देत हंबरत होती. बायांना एकसारखी जांभळी लुगडी दिली आणि पुढच्या रांगेत बसवलं. मांडवात पडदा लागला. आर. के. म्हणाला, आता आपल्या ब्रँडचा इतिहास बघू या.

पडद्यावर मोठं घर आलं, सागवानी खांबांचं. चुलीपुढे नथ घातलेली गोरीपान म्हातारी, हातात सोन्याच्या पाटल्या. ओळीने बसलेली उघडी पोरं. म्हातारी कढई खरवडतेय, बोराएवढ्या गोळ्या वळतेय, एकेक पोराच्या हातावर ठेवतेय. गोड आवाजातला कुणी सांगत होता, "एकोणीसशे छत्तीस. भीषण दुष्काळ. आणि या मातीतली एक आई, सरस्वतीबाई. गावातल्या एकाही लेकराला तिने उपाशी झोपू दिलं नाही. आईसाहेब. त्यांच्या कढईतली माया, आज तुमच्यासाठी." छत्तीस साली सरस्वतीबाई जन्मली तरी होती का, हे मांडवात कुणी विचारलं नाही. म्हातारीचा चेहरा हळूहळू सोनेरी झाला, गोलात बसला, आणि गोल जाऊन जांभळ्या झाकणावर चिकटला. टाळ्या पडल्या.

भिवराबाईनेही टाळ्या वाजवल्या होत्या. तिला वाटत होतं, सरस्वतीबाईचं आधी दाखवून मग आत्याबाईचं दाखवतील. छबुबाईने तिचं मनगट धरलं तेव्हा तिचे हात थांबले.

"भिवरे," छबुबाई हळूच म्हणाली, "डब्यावरची ती हाय. त्येंची म्हातारी."

ज्या बाईने पोरांच्या तोंडची खरवड म्हशीला पाजली, तिला ही रोज हंड्यातल्या पहिल्या पाण्याने न्हाऊ घालत होती. आत्याबाई म्हणत होती. शादेवच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होती.

पाहुणे जेवायला गेले तशी ती विठ्ठलरावांपुढे जाऊन उभी राहिली. आर. के. शेजारीच होता.

"आण्णा, शब्द दिलता तुमी."

विठ्ठलरावांनी इकडेतिकडे बघितलं. "दिलता. पुन्याच्या लोकांचं आयकावं लागतं भिवरे."

"मावशी, त्यात अपमान नाही कुणाचा," आर. के. म्हणाला. "तुमच्या सासूबाईंची गोष्ट फार दुःखी आहे. फडात मेलेली बाई डब्यावर चालत नाही. लोक भेट म्हणून देतात हो हे. पण तुमची भट्टी चालली ना? म्हशी जगल्या ना?"

त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "आण्णा, तुमच्या आईनं पानी वतलं हो कढईत. बहात्तर साली. पोरं समोर बसलेली असताना."

आर. के.ला काही कळलं नाही. विठ्ठलरावांना कळलं. त्यांनी मुलाला पाहुण्यांकडे पिटाळलं आणि खांबाला टेकून उभे राहिले.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्या पोरांत मीबी बसलतो. खरवड मलाबी पायजे हुती."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"आई हाय ती माजी. लोकांनी तिचं नाव कधी नीट घेतलं न्हाई. मेली तवा खांदा द्यायला मानसं बोलवावी लागली. तिचं कायतरी चांगलं ऱ्हावं वाटतं, भिवरे. तुला जसं तुज्या सासूचं वाटतं, तसंच."

"मग तुमच्या आईचं चांगलं माज्या सासूकडनं कावून घेतलं?"

पाहुण्यांनी हाक मारली तसे विठ्ठलराव गेले. सद्गुणी आई विकत मिळत असेल तर कुणाला नको असते? फक्त ती मिळते ती दुसऱ्याच्या घरातून उचललेली असते, एवढंच.

भिवराबाईने दुसऱ्या दिवसापासून भट्टी सोडली. शेड काही बंद पडली नाही. गूळ कधी सोडायचा, मीठ कधी टाकायचं, हे छबुबाईने इतकी वर्षं शेजारी बसून बघितलेलं होतं. ती दोन दिवस भिवराबाईच्या नजरेला नजर देईना. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "माज्या घरात चार तोंडं हायत, बाई." भिवराबाईने तिला पाणी दिलं. यावर भांडावं तरी काय?

खरा पेच घरात होता. शहादेव देवघराकडे गेला आणि म्हणाला, "फेकून देतो उकिरड्यावर." उत्तरेश्वरने वाकल्या पाठीने त्याला आडवा हात घातला. त्याला सगळं ओरडून सांगावं लागलं होतं, दोनदा. गल्लीने ऐकलं होतं.

"हात लावू नगंस रं," म्हातारा म्हणाला. "मी बसवलंय. आई म्हणून हाक मारलीय मी तिला."

बसवलेला टाक फेकत नाहीत. मोडला, झिजला, चुकला, तरी दहीभात ठेवून त्याला वाहत्या पाण्यात सोडायचा. तेव्हाच तो सुटतो आणि तेव्हाच घर सुटतं. आणि तो सुटेपर्यंत त्याला उपाशी, पारोसा ठेवायचा नाही. हा काही भिवराबाईचा एकटीचा भ्रम नव्हता. गुरवाला विचारलं, आष्टीच्या बाजारात एका जाणत्या म्हाताऱ्याला विचारलं, सगळ्यांनी हेच सांगितलं. भिवराबाईने विचारलं, "मग तवर आत्याबाईचा दुसरा टाक बसवावा का? चांदीचा. मी करते कायबी करून."

उत्तरेश्वरने मान हलवली. "एक आई बसलीय. ती उठल्याबिगर दुसरी कशी बसवू?"

वाहतं पाणी! नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. धरणात चिखलाला भेगा. पाटाला किती वर्षांत पाणी सुटलं नव्हतं ते आठवावं लागत होतं. गावात वाहतं पाणी म्हणावं असं एकच होतं, टँकरच्या पाइपातलं, आणि टँकरही संघाचा. शहादेव म्हणाला, कोयत्याला जाईन तेव्हा खालच्या मुलखात एखाद्या कॅनॉलात सोडून येतो. उत्तरेश्वरने तेही होऊ दिलं नाही. बसवणाऱ्याने स्वतःच्या हाताने सोडायचा असतो, आणि त्याला आता वेशीपर्यंतही चालवत नव्हतं. पाऊस येईल, नदी येईल, मग शादेवच्या पाठीवर बसून जाईन, म्हणाला. आषाढ कोरडा गेला. श्रावणात ढग आले, छावणीवर सावली धरून उभे राहिले आणि नगरच्या अंगाला निघून गेले.

रोज सकाळी भिवराबाई रांगेतून हंडा आणायची आणि पहिला गडू देवघरात न्यायची. अंघोळ घालायची. आता बोलायची नाही. नथीच्या खोबणीत हळद अडकायची ती काडीने काढायची, कारण काम नीट करायची सवय हाताला होती. तिला संताप यायचा, विठ्ठलरावांचा यायचा, नवऱ्याचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, की चेहरा वेगळा दिसत असताना आपण नुसत्या बोटाच्या स्पर्शाला भुललो. ती कधी कधी उंबऱ्याकडे बघायची आणि पटकन मान फिरवायची. तिथे कुणी उभं असलंच तर त्याला काय तोंड दाखवणार?

भादव्यात सर्वपित्री अमावास्या आली. घरात डाळ होती, गूळ होता. तिने पुरण घातलं, भजी तळली, आमटी केली. उत्तरेश्वर भिंतीला धरून देवघरापुढे बसला. त्याने पानासाठी पाण्याचं चौकोनी मंडळ काढलं आणि हात जोडले. नाव घ्यायची वेळ आली. भिवराबाई वाढपाचं भांडं घेऊन वाट बघत उभी राहिली. शेवटी तो कुणाचंच नाव न घेता बाजूला सरकला.

तिने त्या सोनेरी पत्र्यापुढे पान मांडलं, पोळीवर तूप सोडलं आणि सरस्वतीबाईला वाढलं. चंद्रभागाबाई बाहेरच राहिली.